टी.व्ही.च्या खोक्यावर काय लिहिले आहे?



या आठवड्यात आमच्याकडे वडखळहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेले. त्यांचे यजमान डोलवीकडे ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जातात आणि त्या स्वतः नाक्यावरच्या एका खाणावळीत भाकऱ्या थापतात. वर्षभर भिशी घालून त्यांनी चौदा हजार रुपये साठवले आहेत. घरातला जुना, मागे पोट असलेला टी.व्ही. गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला, तेव्हा आता भिंतीवर लावायचा सपाट टी.व्ही. घ्यायचे घरात ठरले आहे. दुकानात त्यांना दोन संच दाखविण्यात आले. एक ४३ इंची, त्यावर 'फोर-के, स्मार्ट, एच.डी.आर.' असे सोनेरी अक्षरांत छापलेले, कंपनीचे नाव मात्र कधी कानावर न आलेले. किंमत तेरा हजार नऊशे. दुसरा ३२ इंची, नावाजलेल्या कंपनीचा, किंमत जवळजवळ तेवढीच. दुकानदार म्हणाला, "वहिनी, त्याच पैशात एवढा मोठा मिळतोय, आणि तुम्ही विचार कसला करताय?" मुलगा मोठ्याच्या बाजूने. सासूबाईंचे म्हणणे, मला दिसला आणि ऐकू आला म्हणजे झाले.

पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "खोक्यावरचे एक अक्षर आम्हाला कळले नाही, आणि दुकानात विचारायची लाज वाटली."

हे वाचून आम्ही पत्र बाजूला ठेवले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिलो. ही लाज आपल्या घरांत फार जुनी आहे. आपल्या आजी-पणजीने दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, लांबून टाकलेले सामान पदरात घेतलेले आहे. विचारायचा हक्कच नव्हता, मग प्रश्न कोठून येणार? याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आता दुकानात खुर्ची मिळते, थंड पाणीही मिळते, पण प्रश्न विचारताना जीभ अजून अडखळते. ताई, चौदा हजार तुमचे आहेत. दुकानदाराला दहा प्रश्न विचारा, आणि उत्तर कळले नाही तर अकरावा विचारा.

आम्ही हे शहाणपण जन्मतः घेऊन आलेलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही असाच मोठा, स्वस्त आणि अनोळखी नावाचा संच हौसेने घरी आणला होता. चौदाव्या महिन्यात अर्ध्या पडद्यावर उभ्या रेघा आल्या. हमी बारा महिन्यांची. कार्डावरच्या नंबरावर फोन केला तर तो कोणी उचलेना. शेवटी बाजारातल्या कारागिराने उघडून पाहिले आणि म्हणाला, पॅनेल गेले, नवे मिळाले तर साडेनऊ हजार. संच होता तेरा हजारांचा! तो अजून आमच्या माळ्यावर आहे. टाकवत नाही आणि दुरुस्तही करवत नाही.

तेव्हा आता खोक्यावरच्या अक्षरांकडे वळू.

पहिला आकडा इंचांचा. तो पडद्याच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे तिरका मोजलेला असतो. ३२ इंची संचाचा पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि जेमतेम १६ इंच उंच असतो. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. आकड्यात अकराचाच फरक दिसतो, पण क्षेत्रफळाने ४३ इंची पडदा जवळजवळ पावणेदोन पटींहून थोडा जास्तच भरतो. दुकानातल्या मोठ्या दालनात तो लहान दिसतो. दहा बाय दहाच्या खोलीत आणल्यावर कपाटाएवढा वाटू लागतो. आम्ही एक सोपा उपाय सुचवतो. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून त्या मापाचा कागद करा, भिंतीवर लावा आणि दोन दिवस तो बघत राहा. दुकानात जाण्याआधी हे केलेले बरे.

दुसरा प्रकार ठिपक्यांचा. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, त्यांना पिक्सेल म्हणतात. 'एच.डी. रेडी' म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८, एकूण सुमारे साडेदहा लाख ठिपके. 'फुल एच.डी.' म्हणजे १९२० बाय १०८०, पावणेएकवीस लाखांच्या आसपास. 'फोर-के' म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख. आकडे ऐकून वाटते, जास्त ते चांगले. पण माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहे. चांगली नजर असलेला माणूसही ३२ इंची एच.डी. रेडी पडद्यापासून सहा फूट लांब बसला, की त्याला ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एच.डी. पडद्याचेही तेच. त्याच आकारात फोर-केचा जास्तीचा बारकावा पूर्ण पाहायचा तर तीन फुटांवर नाक नेऊन बसावे लागेल. आपल्या घरात एवढ्या जवळ फक्त लहान मुले बसतात, आणि त्यांना आपण मागे सरकायला सांगतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दुकानदार कधी सांगत नाही. संचात ८३ लाख ठिपके असले तरी येणारे चित्र तेवढ्या ठिपक्यांचे असायला हवे ना! आपल्या बहुतेक घरांत डी.डी. फ्री डिशची थाळी आहे. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने ही सेवा सुरू केली, महिन्याचे भाडे नाही, म्हणून कष्टकरी घरांना तिचा मोठा आधार झाला. पण तिच्यावरची बहुतेक चॅनेल्स साध्या दर्जाची असतात, म्हणजे ७२० बाय ५७६, सव्वाचार लाखांच्या आतले ठिपके. एखाद्या घरी आजोबा वारले की कार्यक्रमासाठी त्यांच्या रेशनकार्डावरच्या छोट्या फोटोची मोठी प्रत काढतात, ती कशी धूसर येते, आठवते ना? तसेच साध्या चॅनेलचे चित्र मोठ्या फोर-के पडद्यावर दिसते. तेच चित्र ३२ इंची पडद्यावर आवळलेले, नीटस वाटते. दुकानात मात्र पेनड्राइव्हवरून समुद्र, पोपट आणि फुलांचे खास चित्रीकरण लावलेले असते, आणि संच 'शॉप मोड'वर म्हणजे भडक उजेडावर ठेवलेला असतो. तेव्हा, "साधे मराठी चॅनेल लावून दाखवा" असे सांगा. त्यांच्याकडे थाळी नसेल तर नेहमी पाहता तसला एखादा कार्यक्रम आपल्याच पेनड्राइव्हवर घेऊन जा.

अनोळखी संचांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. 'फोर-के सपोर्ट' हे शब्द आणि 'फोर-के पॅनेल' हे शब्द एक नव्हेत. सपोर्ट म्हणजे फोर-केची फाइल संचाला वाचता येते, दाखवताना तो ती आपल्या कमी ठिपक्यांतच दाखवतो. 'एच.डी.आर.'चेही तसेच. त्यासाठी पडद्याला खरा उजेड लागतो, तो स्वस्त संचात नसतो. खोक्यावर छाप मात्र असते. म्हणून एकच प्रश्न विचारा: पॅनेलचे रिझोल्युशन किती? ३८४० बाय २१६० हे आकडे छापील माहितीपत्रकात दाखवा म्हणावे.

एल.ई.डी., क्यू.एल.ई.डी., ओ.एल.ई.डी. या तीन नावांनी बरीच माणसे गोंधळतात. एल.ई.डी. संच हा मुळात एल.सी.डी.च असतो, त्याच्या मागे उजेडासाठी एल.ई.डी.च्या पट्ट्या लावलेल्या असतात. क्यू.एल.ई.डी. हाही त्याच जातीचा, रंग खुलावेत म्हणून त्यात एक खास थर घातलेला. ओ.एल.ई.डी.मध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. तो फार महाग असतो, आपल्या भिशीत बसत नाही. वाचून सोडून द्या.

त्यापेक्षा पॅनेल कोठून कसे दिसते हे पाहणे आपल्याला जास्त उपयोगाचे. आपल्या घरी सगळे सोफ्यावर समोरासमोर बसत नाहीत. कोणी सतरंजीवर, कोणी दारात, कोणी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसते. काही पॅनेल समोरून झकास दिसतात आणि बाजूने किंवा खालून पाहिले की चेहरे काळवंडतात. आय.पी.एस. जातीचे पॅनेल बाजूने बरे दिसते, व्ही.ए. जातीच्या पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो पण बाजूने चित्र फिके पडते. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. दुकानात चक्क खाली बसा आणि वर पाहा. कोणी हसले तर हसू द्या.

आवाजाबद्दल सासूबाईंची मागणी अगदी रास्त आहे. सपाट संच जितका पातळ, तितका आतला स्पीकर लहान. पूर्वी टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॉट पी.एम.पी.ओ. असे छापून लोकांना बनवत असत. आजही वॉटचा आकडा पाहताना तो 'आर.एम.एस.' आहे ना, हे विचारावे. ३२ इंची संचाला वीस वॉट आर.एम.एस. असतील तर घरात पुरे. स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणून संच कोनाड्यात कोंबू नये.

'स्मार्ट' म्हणजे इंटरनेट जोडल्यावर मोबाईलसारखे चालणारा संच. त्याचा उपयोग आहे, नाही असे नाही. श्याम बेनेगल यांची राज्यघटना कशी तयार झाली हे दाखविणारी 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ साली राज्यसभा टी.व्ही.वर आली होती. तसले काही मुलांना घरच्या मोठ्या पडद्यावर दाखविता आले तर मोलाचे. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली तेव्हा वस्त्या-वस्त्यांतून संध्याकाळी एकाच घरात वीस-वीस माणसे बसत. मात्र स्मार्ट संचाला आतली स्मरणशक्ती लागते. एक जी.बी. रॅम असेल तर वर्षभरात तो अडखळू लागतो, दोन जी.बी. असावी. आणि काही अनोळखी संचांत गुगलची मान्यता नसलेली, नुसती अँड्रॉइडसारखी दिसणारी व्यवस्था भरलेली असते. त्यात बरीच ॲप नीट चालत नाहीत, पुढे सुधारणाही येत नाहीत. सुरू करताना 'गुगल टी.व्ही.' किंवा 'अँड्रॉइड टी.व्ही.' असे अधिकृत नाव येते का ते पाहा. सॅमसंगची टायझेन आणि एल.जी.ची वेबओ.एस. या त्या कंपन्यांच्या स्वतःच्या व्यवस्था आहेत, त्याही चालतात. घरी मोबाईलच्याच नेटवर टी.व्ही. लावायचा असेल तर रोजचा डेटा किती लवकर संपतो, हेही आधी मुलाला विचारा. फ्री डिशवर इयत्तावार शाळेची पी.एम. ई-विद्या चॅनेल्स आहेत, त्यांना डेटा लागत नाही.

आता नावांची गोष्ट, म्हणजे ब्रँडची. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतरच्या काळात क्राऊन, वेस्टन, डायनोरा, टेक्सला, बी.पी.एल., शिंगवाल्या राक्षसाची जाहिरात करणारी ओनिडा, आपल्या मराठवाड्यातल्या औरंगाबादेची व्हिडिओकॉन, ही नावे घराघरांत होती. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओट्यावर रविवारी सारी वस्ती. त्या नावांतली बरीचशी आज पुसली गेली. व्हिडिओकॉनसारख्या एवढ्या मोठ्या कंपनीवर २०१८ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. नाव मोठे म्हणून ते कायमचे टिकते असे नाही, हे त्यातून दिसते.

दुसरीकडे नाव जुनेच पण मालक नवा, असाही प्रकार आहे. तोशिबा हे जपानी नाव, पण त्या कंपनीचा टी.व्ही.चा धंदा २०१८ साली चीनच्या हायसेन्सने घेतला. कोडॅक म्हटले की आपल्याला कॅमेऱ्याचा रोल आठवतो आणि थॉमसन म्हणजे फ्रान्सची कंपनी. पण भारतात या दोन्ही नावांचे टी.व्ही. नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी नाव वापरण्याचा परवाना घेऊन बनवते. यात काही बेकायदा नाही, आणि संच वाईट असतो असेही नाही. फक्त आजोबांच्या वेळच्या नावावर भुलून पैसे मोजायचे नाहीत. तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना हेच सांगितले होते, की परंपरेने चालत आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून किंवा बोलणारा मोठा वाटतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. टी.व्ही.च्या दुकानात हे सुत्त आठवले म्हणून काही बिघडत नाही.

आमच्या मते ब्रँडची खरी परीक्षा दुरुस्तीत आहे. खरेदीच्या आधीच खोक्यावरच्या सेवाकेंद्राच्या नंबरावर दुकानात उभ्यानेच फोन लावा. तीन गोष्टी विचारा: वडखळच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का, की संच पनवेलला न्यावा लागेल? हमी पूर्ण संचाची किती आणि पॅनेलची किती? भिंतीवर लावायला कंपनीचा माणूस येतो का आणि त्याचे किती घेतो? फोन उचललाच नाही, तर उत्तर मिळाले असे समजा. आम्ही हे आमच्या वेळी केले असते तर माळ्यावरची जागा मोकळी राहिली असती.

खारेपाटात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा संचाच्या आतल्या पट्ट्या गंजवते. संच ओलसर भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी तो चालू ठेवा, आतला ओलावा उडतो. वीज खालीवर होत असेल तर चांगल्या कंपनीचा छोटा स्टॅबिलायझर किंवा सर्ज रोखणारा बोर्ड घ्या. मागच्या उजेडाच्या पट्ट्या आणि पॉवरची पट्टी यांचे मरण बहुधा त्यातच असते. विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि थाळीची वायरही काढा. वीज त्या वायरीतूनही आत येते.

संचाच्या मागे भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मुलाकडून 'बी.आय.एस. केअर' ॲपमध्ये तो तपासून घ्या. खोटा निघाला तर तेथूनच परत फिरा. ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. चाळीस वॉटचा संच रोज पाच तास चालला तर वर्षाला ७३ युनिट, शंभर वॉटचा चालला तर १८२. महावितरणच्या बिलात महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा बराच जास्त असतो, म्हणून काठावरच्या घराला मोठा संच दर महिन्याला बोचतो.

राहिला पैशाचा हिशोब. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आपण निदान आपल्या चौदा हजारांचा प्रश्न सोडवू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच आकारांच्या संचांवर जी.एस.टी. १८ टक्के आहे. त्याआधी ३२ इंचांपेक्षा मोठ्यावर २८ टक्के होता. त्यामुळे जुना दर सांगून कोणी मोठ्या संचाची किंमत चढवत असेल तर त्याला थांबवा. छापील किंमत तीस हजार आणि सूट साठ टक्के, ही सूट नव्हे, ती छापखान्याची करामत. "बिल नको असेल तर पाचशे कमी करतो" असे म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा. बिल नाही म्हणजे हमी नाही आणि तक्रारही नाही.

'बिनव्याजी हप्ता' हाही तसाच. समजा एक संच रोख साडेबावीस हजारांना मिळतो, आणि हप्त्यावर दोन हजारांचे बारा हप्ते व सहाशे रुपये फी आधीच. म्हणजे २४,६०० झाले. पैसे आपण दर महिन्याला फेडत असतो हे धरले, तर हे व्याज वर्षाला सतरा टक्क्यांच्या वर जाते. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, असे बँकांना बजावले होते. ताईंनी भिशी घालून रोख रक्कम जमवली, हे त्यांचे मोठे काम आहे. रोखीची किंमत वेगळी विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

आणि एवढे करूनही फसवणूक झालीच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे वडखळकरांना अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असे नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बिल, हमीकार्ड आणि खोक्याचा फोटो एका पिशवीत जपून ठेवा. आम्ही आमचे बिल हरवले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तर ताई, तुमच्या घरात फ्री डिश आहे, खोली दहा बाय बारा, बसायची जागा सात फुटांवर. आमचा कौल ३२ इंची संचाला. सेवाकेंद्राने वडखळला येतो असे सांगितले तरच. मुलाला मोठ्याची हौस असेल तर त्याला ७२० आणि ३८४० हे दोन आकडे समजावून सांगा, तो हुशार आहे असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही आणखी विचारले आहे, की समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, मग टी.व्ही. कोठे लावावा? तसबिरी हलवू नका. उरलेल्या भिंतीसमोर खिडकी आहे, म्हणजे दुपारी पडद्यावर उजेड पडून चित्र दिसणार नाही. तेथे जाड कापडाचा पडदा शिवून लावा. आणि खिळे ठोकणाऱ्याला सांगा, की आम्ही खाली बसून पाहतो. तो सवयीप्रमाणे पाच फुटांवर भोके पाडेल. तुमच्या घरी पडद्याचा मध्य जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असला म्हणजे सासूबाईंची मान दुखणार नाही.